निरोपाची डायरी

बोरं आली की माझं डोकं फिरतं. हातगाडीवर पिवळी-तांबूस रास, कडेला मिठाच्या पुड्या, आणि तो आंबटगोड, जरासा कुजकट वास. मोडनिंबच्या माणसाला हा वास आला की घर आठवायला हवं. मलाही आठवतं. पण त्याच्या पाठोपाठ खळीचा आणि रेक्झिनचा वास येतो, मग मेडिकल कॉलेजच्या सर्जरी विभागातलं खिडकीजवळचं माझं टेबल दिसतं, आणि मग सुंदराबाई. तिथवर आलं की तोंडातलं बोर कडू होतं.

सोलापुरात थंडी म्हणावी अशी थंडी दोन महिने असते. तेवढ्यात शेतात हुरडा येतो, मोडनिंबच्या बाजारात बोरं येतात आणि मेडिकल कॉलेजात प्रबंध. पुढची पदवी घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला परीक्षेला बसायच्या आधी एक प्रबंध द्यावा लागतो. त्याला सगळे थिसिस म्हणतात. दोन-अडीच वर्षं ज्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही तो कागदांचा गठ्ठा या दिवसांत छातीशी धरून डॉक्टर मंडळी पळत असतात. वॉर्डात ज्यांच्या आवाजाला नर्सा दचकतात, ते माझ्या दुकानात येऊन हळू आवाजात विचारतात, मॅडम, आज होईल का?

माझं दुकान कॉलेजच्या मागच्या गेटासमोर आहे. टायपिंग, प्रिंट, बायंडिंग. निळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. शिवण मी स्वतः घालते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मी बांधलेल्या थिसिसची लायब्ररीत वीस वर्षं उघडझाप केली तरी त्याचं पान निसटणार नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. आता त्या अभिमानाचं काय करावं ते कळत नाही.

सौदा करायला मी आईकडून शिकले. मोडनिंबला हमरस्त्याच्या कडेला ती बोरांची पाटी घेऊन बसायची, मी शेजारी. ट्रकवाले थांबायचे, भाव पाडून मागायचे. आई म्हणायची, सौदा करताना माणसाच्या तोंडाकडं बघू नये, तोंड खोटं बोलतं. पायाकडं बघावं. पाय वळाय लागले तर आपण उतरायचं. पाय रुतल्यागत उभे असले तर गप बसायचं, त्याला गरज हाय. एवढ्या एका शिकवणीवर मी आयुष्य काढलं. भवानी पेठेत दुसऱ्याच्या टाइपरायटरवर बसले, मग माझा घेतला, मग संगणक. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही, आणि मी कुणाला फुकट सोडलेलं नाही.

सर्जरी विभागात शिरले तीही अशीच. विभागप्रमुख सरांचा एक लेख टाइप करायला आला होता. त्यातल्या दोन तक्त्यांमधले रुग्णांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. मी तसंच टाइप करून दिलं नाही, पेन्सिलीनं खूण करून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सर स्वतः पेठेत आले, जिना चढून. कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटर म्हणून मला घेतलं. चौदा वर्षं माझ्या हजेरीपत्रकावर हेच लिहिलेलं होतं. डाटा एंट्री ऑपरेटर. जणू आकडे वेशीपाशी येऊन उभे असतात आणि मी फक्त दार उघडते.

आकडे कुठून येतात ते सांगते. डॉक्टर सकाळी ऑपरेशनला उभा राहतो, दुपारी ओपीडी, मध्येच इमर्जन्सी. त्याला संशोधन करायचं असतं, नव्हे, करावंच लागतं. पण त्या अभ्यासासाठी आधी नैतिकता समितीची परवानगी लागते, तिचे अर्ज कुणी भरायचे? रुग्णाची संमती त्याच्या भाषेत घ्यायची, अक्कलकोटकडच्याला कानडीत समजावायचं, शहराच्या पूर्व भागातल्या विणकराच्या आईला तेलुगूत, ते कुणी करायचं? रेकॉर्ड रूमच्या तळघरातून पाच वर्षांपूर्वीची फाइल कुणी काढायची? तिथले रशीदचाचा डॉक्टरांना उद्या या म्हणायचे आणि मला हातात फाइल द्यायचे, कारण त्यांच्या मुलीच्या कॉलेजचे अर्ज मी भरले होते. हाही सौदाच. आणि सगळ्यात शेवटी, ऑपरेशन होऊन घरी गेलेला रुग्ण सहा महिन्यांनी परत तपासणीला कुणी आणायचा? तो आला नाही तर तक्त्यात त्याच्यापुढे रेघ मारतात. तसल्या रेघा फार झाल्या की अभ्यासाला कुणी विचारत नाही.

माझ्या चौदा वर्षांत रेघा फार नव्हत्या. बाहेरचे लोक यायचे, सरांना विचारायचे, तुमच्या विभागातून इतके लेख कसे निघतात? सर म्हणायचे, शिस्त.

शिस्त म्हणजे माझी डायरी. एका खताच्या दुकानाची, वर्षाच्या शेवटी फुकट मिळालेली, कव्हरवर ऊस. विभागाच्या रजिस्टरात नाव, वय, पत्ता आणि फोन नंबर असे. माझ्या डायरीत माणूस कसा सापडतो ते असे. आमच्या भागात रुग्ण जो नंबर देतो तो पुष्कळदा त्याचा नसतोच. चुलत्याचा असतो, नाहीतर स्टँडवरच्या चहावाल्याचा. म्हणून मी लिहीत असे: बार्शीचे आजोबा, तारखेला येत नाहीत, बाजाराच्या दिवशी येतात. माढ्याची बाई, नवऱ्याला सांगू नये, भावाला सांगावं. मी डॉक्टरांशी भांडून तपासणीचे वार बदलून घेतले, रुग्णाच्या बाजाराच्या वाराला जुळवले. रुग्णाशीही सौदा करत असे: तुम्ही या, सोनोग्राफीच्या रांगेत पुढं उभं करते, तीनची गाडी चुकू देणार नाही. मी कुणाची गाडी चुकू दिली नाही.

सुंदराबाई सांगोल्याकडची. धनगर, मेंढरांमागे फिरणारी, साठीच्या पुढची, काटक. लिव्हरमध्ये पाण्याची गाठ झाली होती. मेंढरं आणि कुत्री यांच्यात राहणाऱ्या माणसांना ती होते. मेंढीच्या पोटातला आजार कुत्र्यात येतो आणि कुत्र्याच्या अंगाखांद्यावरून माणसाच्या हाताला, तोंडात. आमच्या दक्षिणेकडच्या कोरड्या तालुक्यांत हे रुग्ण पुष्कळ, म्हणून आमच्या विभागाचा तो खास अभ्यास. ऑपरेशन करून गाठ काढतात, पण कधी कधी ती परत येते. परत येते का आणि किती जणांत, एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर ऑपरेशनच्या टेबलावर मिळत नाही. ते सहा महिन्यांनी, रानात फिरणाऱ्या बाईला शोधून आणल्यावर मिळतं.

तिच्याकडून मी एक गोष्ट शिकले, आणि ती कुठल्या पुस्तकात नाही. पहिल्या तपासणीला मी विचारलं, मावशी, बरं आहे का? म्हणाली, बरं हाय. सोनोग्राफीला आत नेलं तर तिला उजव्या कुशीवर वळता येईना. बाहेर आल्यावर मी चिडले, म्हटलं, खोटं का सांगितलं? ती हसली. म्हणाली, "खोटं कुटं? तू परक्यावानी इचारलंस, मी परक्यावानी सांगितलं. बरं हाय ते येशीवरच्याला सांगायचं असतंय. घरातलं माणूस इचारतंय, भाकरी किती खाल्ली?"

त्या दिवसापासून मी 'बरं आहे का' हे विचारणं सोडलं. भाकरी किती जातात, उजव्या अंगावर झोप लागते का, पाण्याची घागर उचलता येते का, असं विचारू लागले. नव्या डॉक्टरांनाही शिकवत असे. काही शिकले. काहींना ते हास्यास्पद वाटलं, कारण फॉर्मवर भाकरीचा रकाना नव्हता.

सुंदराबाईचा फोन नंबर रजिस्टरात होता तो पुतण्याचा, गावात राहणाऱ्या. दिवाळीनंतर ती कळपाबरोबर भीमेच्या काठानं निघायची, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत. दोन-दोन महिने पुतण्याला तिचं तोंड दिसत नसे. कळप कुठं आहे हे एकाच माणसाला कळायचं, भवानी पेठेतल्या मल्लूअण्णांना. अण्णांचा घोंगड्यांचा व्यापार. लोकर कातरणारे त्यांच्याकडे येतात, कुठला वाडा, म्हणजे धनगरांचा तळ, कुठं उतरला ते सांगतात. माझ्या डायरीत लिहिलेलं होतं: सुंदराबाई, मल्लूअण्णांकडे निरोप. काही वर्षांनी तिची गाठ परत आली; दुसरं ऑपरेशन उन्हाळ्याच्या अखेरीस झालं, तेव्हा डिस्चार्ज देताना मी तिला सांगितलं, मावशी, तारीख ध्यानात ठेवू नका, मी निरोप धाडते. निरोप आला की निघायचं. ती म्हणाली, तुजा निरोप आला की मेंढरं सोडून येते बग.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी माझं सरांशी भांडण झालं.

एक मोठा लेख छापून आला होता, पाण्याच्या गाठीवरचा, कित्येक वर्षांचा. त्यावर सात जणांची नावं. त्यातल्या दोघांनी एकाही रुग्णाचं तोंड पाहिलं नव्हतं. शेवटी आभार होते, त्यात माझ्यासाठी दोन शब्द: कार्यालयीन कर्मचारी. मी लेख घेऊन सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, लेखकांत नाव घाला असं म्हणत नाही, पण आभारात तरी नावानं घाला, आणि माझं पद संशोधन सहायक असं लिहून द्या. त्यांनी चष्मा काढला. सर वाईट माणूस नव्हते, हे मला आजही म्हणावं लागतं. ऑपरेशनला त्यांचा हात सोन्यासारखा. पण त्या दिवशी ते म्हणाले, "शैलाबाई, पेपर डोक्यानं लिहितात. तुमचं काम पायांचं. पायांचं नाव कुठं घालू?"

आणि वर असंही सांगितलं की पुढच्या महिन्यापासून सगळं ऑनलाइन होणार आहे, रुग्णाला मोबाइलवर आपोआप संदेश जाईल, तुमची धावपळ वाचेल. म्हणजे कंत्राट संपलं. मी हातातला, कागदाला भोकं पाडायचा पंच त्यांच्या टेबलावर आदळला, काच तडकली. म्हटलं, मग विचारा तुमच्या मोबाइलला, सुंदराबाई आज कुठल्या रानात आहे. खोलीत दोन लेक्चरर होते, दोघं खिडकीबाहेर बघू लागले. मी माझी पिशवी घेतली, पाण्याची बाटली घेतली आणि डायरी घेतली. डायरी माझी होती. खताच्या दुकानानं मला दिली होती.

त्याच दिवाळीत दुकान टाकलं.

आणि बोरांचे दिवस आले. डॉ. निखिल त्या वर्षी शेवटच्या वर्षाला होता; पाण्याच्या गाठीचा थिसिस त्याचाच. लातूरकडचा, गरीब स्वभावाचा, ऑपरेशनला उभा राहून राहून पाय सुजलेला मुलगा. दुकानात आला, स्टुलावर बसला नाही. म्हणाला, मॅडम, संदेश जातात, पण कोणी येत नाही. निम्मे नंबर बंद आहेत. तुमची डायरी दोन दिवस द्याल का?

मी त्याच्या पायांकडे बघितलं. रुतलेले होते. मी गप्प बसले. मग सांगितलं, सरांना म्हणावं, कॉलेजच्या कागदावर माझं नाव आणि पद लिहून द्या, मग डायरी न्या.

बैलबाजारात दोघं जण रुमालाखाली हात घालून बोटं दाबून सौदा करतात, बाहेरच्याला काही दिसत नाही. तो पोरगा आमच्या दोघांमधला रुमाल झाला. आमची बोटं एकमेकांना दाबत होती आणि चुरगळत तो होता. परत आला, म्हणाला, मॅडम, सर म्हणतात, आभारात 'सर्व कर्मचारी' असं घालू. मी म्हटलं, मग सर्व कर्मचाऱ्यांकडून पत्ते घ्या. पुन्हा आला, म्हणाला, सर म्हणतात, तोंडी मान्य आहे. मी म्हटलं, तोंड खोटं बोलतं. तिसऱ्या खेपेला त्याचे डोळे भरून आले होते. तारीख जवळ आली होती. म्हणाला, "मॅडम, सौदा तुमचा आणि सरांचा आहे. यात माझा काय दोष?" मी म्हटलं, डॉक्टर, दोष तुमचा नाही. पण फुकट नेलेल्या वस्तूला किंमत राहत नाही.

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. घरी येऊन मी ते आमच्या ह्यांनाही ऐकवलं. ते जेवत राहिले.

त्या दिवसांत मी रोज मल्लूअण्णांच्या दुकानावरून जात होते. माझं घर भवानी पेठेत, त्यांचं दुकान दोन गल्ल्या सोडून. घोंगड्यांच्या थप्पीमागून अण्णा हात वर करायचे, मी मान हलवायची. सुंदराबाईची तपासणी मार्गशीर्षात यायची हे मला पाठ होतं. डायरी उघडायचीही गरज नव्हती. अण्णा, सुंदराबाईला सांगा, या म्हणावं. एवढे शब्द. पण मी मनाशी म्हटलं, ते आता माझं काम नाही. त्यांच्या मोबाइलचं काम आहे. ती आली नाही की त्यांना कळेल, रेघ पडेल तेव्हा कळेल पायांची किंमत. म्हणजे मी तिच्या न येण्याची वाट बघत होते. हे असं स्वच्छ शब्दांत त्या वेळी मनात आलं नव्हतं. आता येतं.

पौषात निखिलचा थिसिस माझ्याच दुकानात बांधायला आला. दुसरीकडे नेला असता तर बरं झालं असतं. पण सगळे माझ्याकडेच आणतात. मी पानं जुळवत होते आणि तपासणीचा तक्ता समोर आला. एकही रेघ नव्हती. सगळ्या रुग्णांपुढे एकच नोंद, गाठ परत आलेली नाही. चौदा वर्षांत मी इतका स्वच्छ तक्ता पाहिला नव्हता. केस नंबर एकतीस म्हणजे सुंदराबाई. तिच्यापुढेही तेच.

मी विचारलं, डॉक्टर, हे सगळे येऊन गेले? तो दुसरीकडे बघत म्हणाला, जे आले नाहीत त्यांना फोन केले, मॅडम. जे नंबर लागले ते. सगळे बरे आहेत. आणि एकतीस नंबर, मी विचारलं. पुतण्यानं उचलला. काय विचारलंत? विचारलं, बऱ्या आहेत का. काय म्हणाला? म्हणाला, व्हय की, बरं हाय.

मी तेव्हा ओरडायला हवं होतं. मी ओरडण्यासाठी प्रसिद्ध आहे. रेक्झिन फिकट आलं तरी माझा आवाज गेटापलीकडे जातो. त्या दिवशी मी गप्प बसले. सूड असाही असतो. मनात म्हटलं, हे सरांच्या सहीनं जाणार, त्यांच्या शिस्तीच्या नावानं. जाऊ दे. मी सुई घेतली, दोरा ओवला आणि शिवण घातली. चार प्रती. सोनेरी अक्षरं सरळ रेषेत, एकही वाकडं नाही.

आता वाटतं, सर म्हणाले ते खोटं होतं आणि मीच ते खरं करून दाखवलं. पायांबरोबर थोडं काळीजही त्या कामात असतं म्हणून ते काम चालतं. मी पाय काढून घेतले तेव्हा काळीजही काढून घेतलं, आणि त्यालाच स्वाभिमान म्हणत राहिले.

उन्हं तापल्यावर एक दिवस मल्लूअण्णांनी मला हाक मारून थांबवलं. त्यांच्या आवाजात काही वेगळं होतं. म्हणाले, तुमची ती सांगोल्याची म्हातारी, मेंढरात पडली की हो. पोटात काहीतरी फुटलं म्हणे. काल रात्री सिव्हिलला नेलीया. मग म्हणाले, "बाई, दिवाळीपास्नं चार बाऱ्या तिनं इचारलं माझ्याकडं, बाईचा निरोप आला का म्हणून. मी म्हणलं, न्हाय आला. तुमाला इचारावं म्हणलं, पर तुमी लई घाईत असायच्या."

सिव्हिल म्हणजे आमच्या कॉलेजचंच हॉस्पिटल. मी तशीच वॉर्डात गेले. चौदा वर्षं ज्या दारातून आत गेले त्याच दारावर शिपायानं मला अडवलं, भेटीची वेळ नाही म्हणून. दुसऱ्या शिपायानं ओळखलं आणि सोडलं. सुंदराबाईचं पुन्हा ऑपरेशन झालं होतं. सरांनीच केलं होतं, पहाटे येऊन. गाठ परत आली होती, फुटली होती. वाचली ती सरांच्या हातामुळे. नाकात नळी, ओठ सुकलेले. मला बघून तिनं हात उचलला. मला वाटलं, रागावेल. रागावली असती तर मी भांडले असते. भांडण मला येतं. ती म्हणाली, "तुजा निरोप न्हाय आला, म्हणून थांबले गं."

एवढंच. त्यात तक्रार नव्हती. सांगितल्याप्रमाणे वागले, असा तो हिशोब होता.

सर पलीकडच्या खाटेशी उभे होते. आमची नजर मिळाली. त्यांनाही कळलं होतं, केस नंबर एकतीस कोण ते. मी बोलायच्या तयारीत होते, तेही असावेत. पण ते फाइल बघू लागले, मी बाटलीतलं पाणी कापसावर घेऊन तिचे ओठ ओले करू लागले. तो सौदा तिथंच मोडला, आणि त्यात कुणाचं काय गेलं हे विचारायला दोघांनाही तोंड नव्हतं.

निखिल पास झाला. आता कुठंतरी तालुक्याला आहे. सुंदराबाई परत आली त्याच्या कितीतरी आधी थिसिस लायब्ररीत गेला होता. मी एकदा जाऊन बघून आले. त्या पानावर बोट ठेवलं. केस नंबर एकतीस, गाठ परत आलेली नाही. पान ओढून बघितलं, हललं नाही. माझी शिवण आहे.

मी गेल्यावर विभागातून लेख निघेनासे झाले. का निघत नाहीत म्हणून कॉलेजात एक समिती बसली. तिनं नवा संगणक मागितला, मिळाला. रशीदचाचा बोरं घ्यायला गेटाबाहेर येतात तेव्हा सगळं सांगतात. म्हणाले, "बाई, नवा कंप्युटर आया है. मगर उसकू सांगोला किदर है, मालूम नै." मी हसले. हसू येतं अजून, खोटं कशाला बोलू? माझं गाऱ्हाणं खरंच आहे. त्यांनी माझं नाव लिहायला हवं होतं. मी गेल्याशिवाय त्यांना माझी किंमत कळली नाही, आणि कळली तेव्हाही त्यांनी ती मशीनच्या नावावर मांडली. हे सगळं खरं आहे, आणि त्या सगळ्यानं सुंदराबाईला पाठवायच्या एका निरोपाची भरपाई होत नाही. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात, भाडेकरूंसारख्या, एकमेकींशी न बोलता.

डायरी आता दुकानाच्या उघड्या फळीवर असते. विभागातला कुणीही येतो, पत्ते उतरवून नेतो. मी काही मागत नाही. सोबत बसवून फोन कसा करायचा तेही सांगते. तरी राग गेलेला नाही. डायरी देताना माझा आवाज चढतोच.

यंदा एक डॉक्टर मुलगी येते, नांदेडकडची. गेल्या आठवड्यात ती आभाराचं पान घेऊन आली. म्हणाली, मॅडम, हे जरा बघा, काही चुकलं तर नाही ना. मी वाचलं. गाईड, विभागप्रमुख, आईवडील, आणि मग माझं नाव, पूर्ण, आडनावासकट, पुढं संशोधन सहायक. कुणी सांगितलं होतं तिला? कुणी नाही. चौदा वर्षं आणि वर तीन वर्षं ज्यासाठी मी भांडले, ते असं एका दुपारी, न मागता, साध्या कागदावर आलं. मी म्हटलं, माझ्या आडनावातली वेलांटी दीर्घ आहे. ती म्हणाली, सॉरी मॅडम. मी दुरुस्त करून दिली. आनंद व्हायला हवा होता. दारात बोरांची गाडी उभी होती, वास आत येत होता.

या दिवसांत मी दरवर्षी सुंदराबाईला फोन करते. आता ती मेंढरांमागे जात नाही, पुतण्याकडे गावात असते. कळप विकला. तपासणीचा महिना आला की मीच निरोप धाडते, मीच रांगेत उभी राहते. मागची दोन वर्षं ती आली. आली म्हणजे पुतण्या घेऊन आला. काल सकाळी दुकानातून फोन लावला. पुतण्यानं तिच्या हातात दिला. मी विचारलं, मावशी, भाकरी किती जातात?

पलीकडे शांत. पूर्वी कधी एखाद्या शेतकऱ्याच्या फोनवरून ती बोलायची तेव्हा मागे मेंढरांचा गलका असायचा, कुत्रं असायचं. आता काही नव्हतं.

उजव्या कुशीवर झोप लागते का, मी विचारलं.

"बरं हाय की, बाई," ती म्हणाली.

बाई. एवढ्या वर्षांत तिनं मला बाई म्हटलं नव्हतं.  ते उत्तर कुणाला देतात हे तिनंच मला शिकवलं होतं.

नांदेडची मुलगी काउंटरपाशी थांबली होती, पानं छातीशी धरून. मी उठले, डायरी पिशवीत घातली, शटर निम्मं खाली ओढलं. ती घाबरली. मॅडम, उद्या शेवटची तारीख आहे. मी म्हटलं, सांगोल्याला जाऊन येते, तुझं उद्या सकाळी दहापर्यंत बांधून देईन. माझा शब्द मोडत नाही. हे वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच ऐकवेना.

दारातली बोरं चांगली होती, ऊन खाल्लेली. एक किलो मागितली. गाडीवाल्यानं चढा भाव सांगितला आणि हातात तराजू धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला ओळखतो, भांडणाच्या तयारीतच होता. मी त्याच्या पायांकडे बघितलं नाही. सांगितला तो भाव दिला आणि स्टँडकडे चालू लागले.